हाताला मानवणारी रायफल

मी कवी माणूस. बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण जिम कॉर्बेटच्या शिकारकथा वाचताना प्रश्न पडायचा : शिकाऱ्यानं रायफल निवडावी कशी?

कॉर्बेटकडे दोन तऱ्हेच्या रायफली होत्या. एक दुनळी, ४५०/४०० ची. तिचे दोन बार लागोपाठ काढता येतात. मध्ये काही ओढावं लागत नाही. झाडीतून वाघ अंगावर आला तर तेवढा क्षण जीव वाचवतो. पण ती जड. दुसरी २७५ रिग्बी, १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट मिळालेली. ती बोल्टची. प्रत्येक बारानंतर दांडी उचलून मागं ओढायची, पुन्हा पुढं ढकलायची. पण हलकी आणि अचूक. डोंगर पायी तुडवणाऱ्या, पहिल्या गोळीवर भिस्त ठेवणाऱ्या माणसाला ती मानवली. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यानं तिनंच टिपला.

म्हणजे ‘चांगली कोणती?’ एवढंच विचारून भागत नाही. आपली चाल, आपला धीर, आपला हात कसा, हेही पाहावं लागतं. वृत्त निवडताना आम्हा कवींचंही असंच होतं.

पुढं कॉर्बेटच्या हाती कॅमेरा आला. १९७२ च्या कायद्यानं वाघाला संरक्षण दिलं. तो कॅमेरा मात्र आजही आपल्याला निवडता येतो.