नागीण, संशय आणि निदान
(संस्थेच्या आरोग्य प्रबोधन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मला त्वचारोगांवर बोलण्यास सांगण्यात आले आहे. त्यांपैकी ज्या आजाराविषयी माणूस घरात बोलत नाही आणि डॉक्टरांसमोरही खाली मान घालून अर्धवट सांगतो, तोच आज मी निवडला आहे. जांघेत, जननेंद्रियाजवळ किंवा नितंबावर अचानक उठणारे, आग होणारे, ठणकणारे पुरळ, हा तो विषय. भरसभेत हे बोलणे काहींना अवघड वाटेल. परंतु आपण गप्प बसतो त्याचा फायदा कोण घेतो? लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ अशी चिठ्ठी चिकटवणारा घेतो. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरी चिठ्ठ्या चिकटतच राहिल्या.

एक उदाहरण घेऊ. समजा, घाटकोपरच्या चाळीत राहणारा पस्तिशीतला एक विवाहित कामगार आहे. चार दिवस त्याच्या उजव्या नितंबात आणि मांडीच्या मागे कळ येते. ओझे उचलल्याने चमक भरली असेल, असे त्याला वाटते. पाचव्या दिवशी जननेंद्रियाच्या उजव्या बाजूला लाल चट्टा उठतो आणि त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे झुपके येतात. आई म्हणते, ही नागीण. मित्र म्हणतो, उष्णता झाली. मेडिकलवाला एक ट्यूब हातात ठेवतो. बायको काहीच बोलत नाही, पण तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. चौघांची चार निदाने झाली. तपासणी मात्र एकानेही केली नाही.

प्रथम आईचे म्हणणे पाहू, कारण ते बरोबर असू शकते. नागीण हा खरा आजार आहे. लहानपणी आपल्याला कांजण्या होऊन गेलेल्या असतात. कांजण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंची मुळे असतात, तेथे तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले किंवा कोणत्याही कारणाने प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून आधी दुखते आणि मग फोड येतात. म्हणूनच पट्टा शरीराच्या एकाच बाजूला उमटतो. बहुतेकांना तो छातीवर किंवा कमरेवर येतो. कण्याच्या अगदी खालच्या भागातील मज्जातंतू पकडला गेला, तर तो जननेंद्रियाजवळ आणि नितंबावर येतो.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिच्यापायी कितीतरी माणसे काव लावून घेण्यात आणि मंत्र टाकून घेण्यात दिवस घालवतात. डाव्या आणि उजव्या बाजूचे मज्जातंतू वेगवेगळे असतात, त्यामुळे पट्टा सहसा मध्यरेषेवरच थांबतो. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णात फोड दोन्ही बाजूंना पसरू शकतात. तेव्हा काळजी करायची ती त्या मूळ अशक्तपणाची, विळख्याची नव्हे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. ही नागीण साप नाही, पण तिच्यावर मंत्र टाकण्यात गेलेला वेळही तितकाच वाया जातो. कारण विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. फोड सुकल्यानंतरही महिनोन्महिने ठणकत राहणारी जी वेदना काहींच्या, विशेषतः वृद्धांच्या, मागे लागते, ती या आजाराची खरी शिक्षा आहे.

आता अडचणीचा भाग. नागिणीचे वैद्यकीय नाव हर्पिस झोस्टर. आणि लैंगिक संबंधातून पसरणारा, तसेच फोडांचे झुपके आणणारा एक दुसरा आजार आहे, त्याचे नाव हर्पिस सिम्प्लेक्स. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, पण आजार वेगळे. केसपेपरवर ‘हर्पिस’ एवढा एकच शब्द वाचून घरात भांडणे पेटतात. म्हणून विद्यार्थी मित्रहो, कागदावर हा शब्द दिसला तर पुढचा शब्दही वाचा, आणि तो लागत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर दोन्हींतला फरक कसा ओळखतात? एका बाजूचा पट्टा, आधी आलेली कळ आणि आयुष्यात पहिल्यांदाच झालेला त्रास, ही लक्षणे नागिणीकडे बोट दाखवतात. त्याच जागी पुन्हा पुन्हा फोड येत असतील तर सिम्प्लेक्सचा संशय बळावतो. पण सिम्प्लेक्सही कधी नितंबावर एकाच बाजूला उठतो आणि हुबेहूब नागिणीसारखा दिसतो. फोडाचा तळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची एक जुनी, स्वस्त तपासणी आहे. तिच्यात दोन्ही आजारांत त्याच मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसतात. फरक सांगते ती पीसीआर तपासणी, आणि त्यासाठी ताज्या फोडातील नमुना लागतो. खपली धरल्यावर गेलात तर उत्तर हाती येईलच असे नाही. तेव्हा एखादे डॉक्टर म्हणाले की, “आज मला दोहोंची शक्यता वाटते, गोळ्या सुरू करू आणि पाहू”, तर त्यांना काही येत नाही असे समजू नका. ते प्रामाणिकपणे बोलत आहेत.

याशिवाय इतर आजारही आहेत. रात्री खाज वाढते आणि घरातील इतरांनाही खाजते, तेव्हा खरूज असण्याचा संभव मोठा. मग औषध एकट्याने लावून भागत नाही, सबंध घराने एकाच वेळी लावावे लागते. एखादी वेदनाशामक किंवा सल्फाची गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी काळपट, आग होणारा डाग उठतो, ती औषधाची ॲलर्जी असते. सिफिलिसचा पहिला व्रण तर बहुधा दुखतच नाही. म्हणजे दुखते ते वाईट आणि दुखत नाही ते साधे, हा हिशेबही चुकीचा आहे.

आणि नायटा. दमट हवा, घट्ट जीन्स आणि गर्दीच्या गाडीतला घाम यामुळे उपनगरांत जांघेतला नायटा घरोघर आहे. तो खाजतो, आणि खाजवून किंवा चुकीची औषधे लावून चिघळला की आग होऊ लागते. मेडिकलवाल्याच्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असते. लाली दोन दिवसांत जाते, बुरशी मात्र आत वाढत राहते आणि नायट्याचे रूप असे बदलते की तज्ज्ञालाही तो चटकन ओळखू येत नाही. शासनाने २०१८ साली अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातले, ते याच कारणाने. न तपासता लावलेली ट्यूब आजार बरा करत नाही आणि निदानाचा पुरावाही पुसून टाकते.

आता त्या गप्प बसलेल्या पत्नीकडे वळू. समजा, तपासणीत नागीण नव्हे, सिम्प्लेक्सच निघाला. तरीही नवरा काल-परवा कुठे गेला होता हे त्यावरून ठरत नाही. या विषाणूची बाधा झालेल्या बहुसंख्य माणसांना ती झाल्याचे कळतही नाही, आणि पहिले फोड महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकतात. बाधा लग्नाआधीची असेल, कोणाकडून कोणाला झाली हेही सांगता येणार नाही. ही गोष्ट स्त्रीच्या बाबतीत अधिक जोराने सांगितली पाहिजे. पुरुषाला फोड आले तर ‘उष्णता’ म्हणतात आणि बाईला आले तर तिच्या चारित्र्यावर जातात. या भीतीने बाई दवाखान्यात जात नाही. ती गरोदर असेल तर हे लपवणे बाळाच्या जिवावर बेतू शकते. बाळंतपणाच्या सुमारास तेथे फोड असतील तर डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

सरकारी यंत्रणेनेही ही अनिश्चितता ओळखली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ ते २०१२ या काळात, लैंगिक आजारांसाठी लक्षणांवरून द्यावयाच्या औषधांचे रंगीत संच आले. जखमांसाठी पांढरा, पेनिसिलीन न चालणाऱ्यांसाठी निळा आणि हर्पिसच्या फोडांसाठी लाल. विचार साधा होता. अहवालाची वाट पाहत रुग्ण परत गेला तर तो पुन्हा येत नाही. म्हणून निदान पक्के होण्यापूर्वीही उपचार सुरू करता येतात. तरुण वयात नागीण झाली तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सुचवतात. तो आरोप नव्हे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे ही तपासणी तुमच्या संमतीनेच होते आणि तिचा निकाल गुप्त ठेवला जातो.

तेव्हा करायचे काय? फोड दिसले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी राजावाडी, कूपर यांसारख्या महापालिका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा. आधी काही लावू नका, आणि लावले असेल तर ती ट्यूब सोबत न्या. दुखणे केव्हा सुरू झाले, पूर्वी असे झाले होते का, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे सर्व स्पष्ट सांगा. लघवी अडत असेल तर एक तासही थांबू नका. फोडांवर खपली धरेपर्यंत गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांपासून दूर राहा. जखमा भरेपर्यंत शरीरसंबंध टाळा.

मित्रहो, आपल्या भाषेत ‘निदान’ या शब्दाचा एक अर्थ मूळ कारण शोधणे, आणि दुसरा अर्थ ‘कमीत कमी’. कारण सापडायला कधी दोन दिवस लागतील, कधी दोन आठवडे. तोपर्यंत ती जागा संशयाने भरू नका, मंत्राने भरू नका, ट्यूबने भरू नका. पती-पत्नींनी निदान एकत्र डॉक्टरकडे जावे, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम.