कुत्र्याच्या खाद्यात अळीचं प्रथिन : शेतकऱ्याला त्यात काय?



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. विषय आहे अळीचा. पिकावरच्या अळीबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे ते मुद्दाम पाळायच्या अळीबद्दल. परदेशात ही अळी वाळवून, दळून कुत्र्यांच्या खाद्यात घालतात आणि असं पाकीटबंद खाद्य दुकानांत विकलं जातं. आपल्याकडेही अळीपालनाच्या गोष्टी मोबाइलवर फिरू लागल्या आहेत. त्यात खरं किती आणि आपल्या उपयोगाचं किती, ते आज पाहू.

आधी प्रश्न असा की, अळीच का? वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले दिसतात, जवळा वाळताना दिसतो. ते माणसांचं खाणं. पण जाळ्यात बारकी, बाजारात न चालणारी मासळीही येते. ती वाळवून दळली की मासळीची भुकटी होते, तिलाच फिशमील म्हणतात. चांगल्या भुकटीत साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणून कोंबडीच्या, कोळंबीच्या, माशाच्या आणि काही वेळा कुत्र्या-मांजराच्या खाद्यातही ती घालतात.

आता ही बारकी मासळी म्हणजे पुष्कळदा मोठ्या मासळीची पिल्लंच असतात. बियाणंच दळून खाल्लं तर पेरायचं काय? समुद्राचंही तसंच आहे. 2023 साली राज्य शासनाने 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, तो याच कारणासाठी. त्याहून लहान मासळी धरायची नाही.

वर्सोव्यातच केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ती 1961 साली स्थापन झाली आणि 1979 पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेखाली काम करते. माशांच्या आहाराचा अभ्यास तिथे चालतो. फिशमीलला पर्याय काय, हा आज जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांपुढचा प्रश्न आहे, आणि अळी हे त्याचं एक उत्तर आहे. युरोपात 2017 साली मत्स्यखाद्यात आणि 2021 साली कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकांचं प्रथिन वापरायला परवानगी मिळाली.

तुम्ही म्हणाल, अळी म्हटलं की शिसारी येते. पण आपली कोंबडी उकिरडा उकरते ती कशासाठी? अळीसाठीच ना! रेशीमकोषाचा धागा काढल्यावर आत उरलेला किडाही वाळवून कोंबडीला, माशाला घालतात. म्हणजे ही चाल आपल्याकडे अगदीच नवी नाही.

कोणती अळी पाळतात?

घरात घोंघावणारी माशी ती ही नव्हे. हिचं नाव ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे काळी सैनिक माशी. ती लांबट, काळी, गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही की डसत नाही. मोठी झालेली माशी काही खात नाही, त्यामुळे अन्नावर बसून घाण पसरवत नाही. ती आठवडाभर जगते आणि कुजणाऱ्या मालाजवळच्या कोरड्या फटीत काहीशे अंडी घालते. चार-एक दिवसांत अंडी फुटतात. पुढे दोन-तीन आठवडे अळी नुसती खात असते. पूर्ण वाढली की गडद रंगाची होते आणि कोरडी जागा शोधत आपणहून वर चढते. वाळलेल्या अळीत सुमारे चाळीस टक्के प्रथिनं आणि तीस टक्क्यांच्या आसपास चरबी असते. तिला काय खायला घातलं, यावर हे आकडे कमी-जास्त होतात.

पाळायची कशी?

सावलीत, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी एक मोठं टब ठेवावं. त्यात भाजीचा टाकाऊ भाग, सडकी फळं, शिळी भाकरी-भात, थोडा कोंडा घालावा. माल मुठीत दाबला तर एक-दोन थेंबच पाणी यावं. जास्त ओला असेल तर वास सुटतो आणि अळ्या मरतात. अशा वेळी कोंडा किंवा भुसा मिसळावा. वर लाकडाच्या दोन-तीन फळ्या फटी ठेवून बांधाव्यात. माशी त्या फटींत अंडी घालते. टबाच्या एका बाजूला उतरती फळी लावली की तयार अळ्या तिच्यावरून चढून पलीकडच्या कोरड्या डब्यात पडतात. वेचायचं कामच नाही. खाली उरलेला चोथा कुजवून खत म्हणून वापरावा.

व्यवस्था चांगली असेल तर दहा किलो ओल्या टाकाऊ मालातून दीड-दोन किलो ताज्या अळ्या मिळतात. वाळवल्यावर त्यांचं वजन सुमारे अर्धा किलो भरतं. हा हिशोब नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. फवारलेला भाजीपाला, गटाराचा गाळ, कारखान्याचा कचरा टबात घालू नका. कॅडमियमसारखा विषारी धातू अळीच्या अंगात साठतो आणि तिथून जनावराच्या पोटात जातो.

खाऊ कोणाला, किती घालायचं?

अळ्या आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकाव्यात, मग कडक वाळवाव्यात. चरबी जास्त असल्यामुळे त्या लवकर खवट होतात. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि थोड्या दिवसांत संपवाव्यात.

कोंबडीला एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत द्यावी. मत्स्यतळ्यात फिशमील वापरत असाल तर आधी त्याचा पाव हिस्साच बदलून पाहावा. राखणीच्या कुत्र्याला भाकरी-भातात मूठभर भरड मिसळून द्यावी. पहिल्या आठवड्यात चिमूट-चिमूटच घालावी आणि खाज किंवा जुलाब होतात का ते बघावं. मांजराला नुसत्या अळीवर ठेवू नका. तिला टॉरीन नावाचं द्रव्य लागतं, ते मासळी-मांसातून मिळतं. गाय, म्हैस, शेळीला ही भुकटी घालू नका. आणि ज्यांना कोळंबी-चिंबोरी खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं, त्यांनी वाळल्या अळ्या हाताळताना तोंडा-नाकाला फडकं बांधावं, कारण तोच त्रास इथेही होऊ शकतो.

विकायचं का?

आता खरा प्रश्न. कुत्र्याचं खाद्य करणारा कारखानदार पाच-दहा किलो माल घेत नाही. त्याला वर्षभर एकसारखा, तपासलेला, पोत्यांनी माल लागतो. मघाचा हिशोब करा. रोज एक क्विंटल ओला माल जमवला तरी हाती पाच-सहा किलो सुकी अळी येते. एवढा स्वच्छ टाकाऊ माल रोज कुठून आणणार? वाहतूक, जळण, मजुरी धरली तर काय उरतं, ते आधी कागदावर मांडा.

कोणी म्हणेल, ‘अंडी आमच्याकडून विकत घ्या, तयार अळी आम्हीच परत घेऊ.’ अशा वेळी 2019 साल आठवा. सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या योजनेत हेच आश्वासन होतं आणि कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कोंबडी खोटी नव्हती, तिचा बाजार खोटा होता. अळीही खोटी नाही. पण घेणारा कोण, दर काय, करार कुठे, हे हातात पडल्याशिवाय कर्ज काढू नका.

तेव्हा थोडक्यात सांगतो. एका टबापासून सुरुवात करा. पहिली अळी आपल्या कोंबडीला, आपल्या तळ्याला, आपल्या कुत्र्याला घाला. खाद्याचा खर्च किती वाचला, ते वहीत लिहा. सहा महिन्यांनी वही सांगेल तसं पुढचं पाऊल टाका. समुद्रातली पिल्लं वाचतील, उकिरड्याची घाण कमी होईल आणि आपला पैसा आपल्या घरात राहील. शंका असल्यास गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जरूर विचारा.