‘गॅस असेल, सकाळी बघू’

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. या दोन्हींच्या मध्ये ज्याला बोलायला उभे करतात, त्याने आपली पायरी ओळखून थोडक्यात आटपावे, हे मी इतक्या वर्षांत शिकलो आहे. त्यामुळे ‘हृदयरोग : निदान आणि उपचार’ असा भारदस्त विषय पत्रिकेत छापला असला, तरी मी एकच गोष्ट सांगणार आहे. ती सांगण्यासाठी मला माझ्या घरातली एक जुनी चूक तुमच्यापुढे मांडावी लागेल.

१९९१ सालची गोष्ट. गौरीजेवणाचा दिवस. माझे थोरले बंधू, आमचे दादा, स्टील प्लांटमध्ये इंजिनीअर होते. वय ५२. तुमच्यापैकी जुन्या मंडळींना ते आठवत असतील. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीमच्या पहिल्या ओळीत असायचे. त्या रात्री पावणेबाराला माझा फोन वाजला. वहिनी बोलत होत्या. “भाऊजी, अर्धा तास झाला, ह्यांच्या छातीत जड जड वाटतंय. घामही आलाय.” मी दिवसभराच्या रुग्णांनी थकलो होतो. त्यातून दादांनी दुपारी किती पुरणपोळ्या खाल्ल्या ते मी स्वतः पाहिले होते. मी म्हणालो, “गॅस असेल वहिनी. अँटासिड द्या, सकाळी येऊन बघतो.”

पहाटे साडेपाचला पुन्हा फोन आला. सहा वाजता आम्ही इस्पितळात पोहोचलो. ईसीजीचा कागद हातात घेतला आणि माझे हात थंड पडले. पुढचे सांगतोच, पण आधी त्या रात्री दादांच्या हृदयात काय चालले होते ते समजून घेऊ.

आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या पंपाला स्वतःलाही रक्त लागते. ते ज्या वाहिन्यांतून येते त्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या असतात. इथे इंजिनीअर मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना वाटते, पाइपमध्ये क्षार साचत जावा तशी चरबी साचते, पाइप बुजत जातो आणि शेवटी बंद पडतो. हे अर्धेच खरे आहे. वाहिनी हळूहळू अरुंद झाली, की चालताना, जिना चढताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते. त्याला आम्ही अंजायना म्हणतो. झटका मात्र बहुतेक वेळा निराळ्या रीतीने येतो. वाहिनीच्या भिंतीतल्या चरबीच्या थरावर एक पातळ पापुद्रा असतो. तो अचानक फाटतो. शरीराला वाटते, जखम झाली. तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद होऊ शकते. काल ती निम्मीसुद्धा बुजलेली नसेल! म्हणूनच ‘गेल्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती’ या वाक्यावर झटक्याच्या वेळी विसंबू नये.

वाहिनी पूर्ण बंद झाली, की साधारण अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू आतल्या थरापासून मरू लागतो आणि पुढच्या काही तासांत हे मरण बाहेरच्या थरापर्यंत पसरते. कातडी पुन्हा येते, हाड सांधते, पण हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. तिथे वण राहतो, आणि वण आकुंचन पावत नाही.

निदान कसे होते? पहिले आणि आजही सर्वांत मोलाचे साधन म्हणजे ईसीजी. हॉलंडमधल्या विलेम आइंथोवेन यांनी १९०२ साली माणसाच्या हृदयाचे असे आलेख प्रसिद्ध केले. त्यांचे यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास होते, चालवायला पाच माणसे लागत, आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम हातात मावणारे यंत्र काही मिनिटांत करते. दुसरे साधन म्हणजे ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी. स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. मात्र लक्षात ठेवा, पहिला ईसीजी किंवा पहिले ट्रोपोनिन नॉर्मल असू शकते. दुखणे चालूच असेल, तर डॉक्टर ते पुन्हा पुन्हा करतात. ते बिल वाढवण्यासाठी नव्हे! त्याशिवाय इकोमध्ये हृदयाचा कोणता भाग नीट हलत नाही ते दिसते, आणि अँजिओग्राफीत वाहिनी कुठे बंद आहे ते कळते.

आता उपचार. १९१२ साली अमेरिकेत डॉ. जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले, की हृदयाच्या वाहिनीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो. पण तेव्हा उपाय काय होता? अंथरूण! त्यानंतर कित्येक दशके अशा रुग्णांना आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत. १९७७ साली झुरिकमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुन्ट्सिग यांनी हृदयाच्या वाहिनीत फुगा फुगवून ती मोकळी केली. पहिले फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते! त्यांचा पहिला रुग्ण अवघ्या ३८ वर्षांचा होता. १९८६ पासून स्टेंट आले. १९८८ साली १७ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘आयसिस-२’ या अभ्यासाने दाखवले, की साधे अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही औषधे दिली, तर पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतात.

म्हणजे १९९१ साली, दादांच्या वेळी, औषध होते. माहीत होते. इस्पितळात मिळतही होते. नव्हता तो फक्त वेळ.

२००८ साली आपल्या देशातल्या ८९ इस्पितळांमधल्या वीस हजारांवर रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले दोन आकडे मी कधीच विसरत नाही. त्रास सुरू झाल्यापासून इस्पितळात पोहोचेपर्यंत लागलेला मध्यक वेळ : ३६० मिनिटे. इस्पितळात पोहोचल्यापासून गुठळी विरघळवणारे औषध सुरू होईपर्यंत : ५० मिनिटे. सहा तास घराकडून, पन्नास मिनिटे इस्पितळाकडून! आपण भांडतो मात्र इस्पितळाशी.

माझ्या घरचा हिशेब मांडतो. त्रास सुरू झाला सव्वा अकराला. इस्पितळात पोहोचलो सहाला. पावणेसात तास. औषध सुरू झाले सहा चाळीसला. त्या पावणेसात तासांत रस्ता होता फक्त पंधरा मिनिटांचा. उरलेला सगळा वेळ ‘गॅस असेल, सकाळी बघू’ या एका वाक्याने खाल्ला, आणि ते वाक्य एका डॉक्टरच्या तोंडचे होते.

बंधू-भगिनींनो, म्हणून हे लक्षात ठेवा. छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे, जड वाटणे. ते डाव्या हातात, खांद्यात, पाठीत, मानेत किंवा जबड्यात जाणे. सोबत घाम, मळमळ, दम लागणे. विश्रांती घेऊनही पाच-दहा मिनिटांत थांबले नाही, तर त्याला गॅस म्हणण्याचा अधिकार घरात कोणालाच नाही. तो अधिकार ईसीजी पाहिल्यावर डॉक्टरांचा. स्त्रिया, वयस्कर माणसे आणि मधुमेही यांच्यात छातीत दुखणे नसूही शकते. नुसता दम, एकाएकी आलेला थकवा, वरच्या पोटात अस्वस्थता, थंड घाम, एवढ्यावरही सावध व्हा.

मग करायचे काय? माणसाला बसवा किंवा टेकवा, चालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी दारात असेल आणि तीच लवकर पोहोचत असेल तर ती काढा, पण रुग्णाने स्वतः चालवायची नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर डॉक्टरांना किंवा रुग्णवाहिकेच्या माणसांना विचारून ३०० मिलिग्रॅमपर्यंत अ‍ॅस्पिरिन चावून घेता येते. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी मात्र आपल्या मनाने घेऊ नका, रक्तदाब एकदम उतरू शकतो. ‘जोरजोरात खोका, झटका टळेल’ हा मोबाइलवर फिरणारा निरोप विसरून जा. माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून जोराने दाबत राहा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

आणखी एक. रात्री दोन वाजता ‘कुठे न्यायचे?’ यावर घरात सभा भरवू नका. चोवीस तास ईसीजी आणि हृदयाचा तातडीचा उपचार कुठे होतो, हे आजच विचारून ठेवा आणि या स्मरणिकेच्या मागच्या पानावर लिहा. अँजिओप्लास्टीची सोय वेळेत गाठता येत असेल तर उत्तमच. नसेल तर जवळच्या इस्पितळात गुठळी विरघळवणारे औषध आधी सुरू करून मग पुढे पाठवता येते. बारा तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो, पण खरा लाभ पहिल्या दोन-तीन तासांत.

हे सगळे नुसते पुस्तकी नाही. २०१९ च्या आपल्याच उत्सवात महाप्रसादाच्या पंगतीला वाढताना एका काकूंचा जबडा आणि डावा हात जड झाला. छातीत दुखत नव्हते. वय ६३, मधुमेह जुना. त्या म्हणाल्या, “ही पंगत उठू दे, मग बघू.” त्यांच्या सुनेने हातातला भातवाढा काढून घेतला आणि एका कार्यकर्त्याच्या गाडीत त्यांना बसवले. चाळीस मिनिटांत त्या इस्पितळात होत्या. पहिला ईसीजी धड काही सांगेना. वीस मिनिटांनी दुसरा काढला, त्यात सगळे दिसले. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. त्यांचे हृदय आज जवळजवळ पहिल्यासारखे आहे. त्या इथेच, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी सांगायची परवानगी दिली आहे, नाव सांगायची नाही. यंदाच्या नारळाच्या वड्या त्यांनीच केल्या आहेत, एवढे सांगतो!

स्टेंट बसला म्हणजे रोग गेला, असे मात्र समजू नका. स्टेंट एक जागा मोकळी करतो, रोग सगळ्या वाहिन्यांत असतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. दात काढायचा म्हणूनही नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसले, की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना सुमारे ५९ व्या. तंबाखू, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर यांकडे चाळिशीच्या आतच लक्ष द्या. आणि तंबाखूत गुटखा, खैनीही आली, बरे का!

आता दादांचे. ते वाचले. पण इकोमध्ये हृदयाची ताकद निम्म्यावर आली होती. क्वार्टरचा जिना मधेच थांबून चढावा लागे. पुढच्या वर्षी विसर्जनाला ते फाटकापाशी खुर्चीवर बसले. लेझीम पुढे गेले, ट्रॉली समोर आली, तेव्हा त्यांनी बसूनच तिला हात लावला आणि नमस्कार केला. १९९७ साली ते गेले. त्या सहा वर्षांत त्यांनी किंवा वहिनींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. एकदा मीच विषय काढला, तर दादा म्हणाले, “अरे, मलाही गॅसच वाटला होता.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत फोनवर मी ‘गॅस’ हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. “निघा, मी तिथे येतो,” एवढेच म्हणत आलो. कित्येकदा तो खरोखर गॅसच निघाला. लोक ओशाळून म्हणत, “डॉक्टर, उगाच त्रास दिला.” मला त्या त्रासाएवढा आनंद दुसऱ्या कशाने होत नसे.

तुम्हीही असेच उगाच या. नॉर्मल ईसीजी घेऊन हसत घरी जा. विघ्नहर्त्यापाशी एवढेच मागणे आहे.

गणपती बाप्पा मोरया!