वाईट कुणासाठी वाटतं?

मागच्या भागानंतर एका गटातल्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "आपल्या ओळखीचा, चांगला म्हणून नावाजलेला माणूस एखाद्या प्रकरणात सापडला तर त्याच्याबद्दल वाईट वाटणं चूक आहे का? मला तर वाटतं बाई वाईट." प्रश्न सरळ होता, पण फोनवर उत्तर देता आलं नाही. आज देते. त्यासाठी तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत नेते. असं लांबचं प्रकरण बोलायला सोपं जातं. त्यात आपला कुणी दीर नसतो की सरपंच नसतो.

तिकडे कॉलेजचा फुटबॉल म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी सांगते. नाव फुटबॉल, पण चेंडू लांबुळका आणि तो पायापेक्षा हातातच जास्त. खेळणारी मुलं कॉलेजात शिकणारी. पण पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. आपल्याकडची मोठी जत्रा डोळ्यांसमोर आणा. आणि या खेळाचा कोच म्हणजे त्या गावचा देवच. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत सरकारी पगारावरचा सगळ्यात महाग माणूस गव्हर्नर नसतो, कॉलेजच्या संघाचा कोच असतो. तो बोलला की गाव ऐकतं.

पेन स्टेटचे कोच होते जो पॅटर्नो. १९६६ पासून ते मुख्य कोच. मुलांनी अभ्यासही केला पाहिजे असा त्यांचा आग्रह, विद्यापीठाला त्यांनी स्वतःच्या पैशांतून देणग्या दिल्या, मैदानाबाहेर त्यांचा ब्राँझचा पुतळा. त्यांच्या हाताखाली जेरी सँडस्की नावाचा सहायक कोच तीस वर्षं होता. या सँडस्कीने १९७७ मध्ये गरीब, घरची आबाळ असलेल्या मुलांसाठी एक संस्था काढली होती. त्याच मुलांना तो जवळ करायचा, सामन्यांना न्यायचा, भेटी द्यायचा, आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार करायचा.

२००१ मध्ये संघातल्या एका तरुण सहायकाने त्याला विद्यापीठाच्या न्हाणीघरात एका लहान मुलासोबत पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने पॅटर्नोंच्या घरी जाऊन सांगितलं. पॅटर्नोंनी आपल्या वरिष्ठाला सांगितलं. वरिष्ठाने त्याच्या वरिष्ठाला. पोलिसांना कुणीच नाही. तो मुलगा कोण होता, एवढंही कुणी विचारलं नाही. दहा वर्षं गेली. या दहा वर्षांत आणखी मुलं त्याच्या हाती लागली.

नोव्हेंबर २०११ मध्ये सँडस्कीला अटक झाली आणि चार दिवसांनी विद्यापीठाने पॅटर्नोंना काढलं. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले. बातमीवाल्यांची गाडी उलटवली. कशासाठी, तर आमच्या कोचला का काढलं म्हणून.

विद्यार्थी तरुण असतात, सोडून देऊ. मोठी माणसं काय बोलली ते बघा. जानेवारी २०१२ मध्ये पॅटर्नो कॅन्सरने वारले. श्रद्धांजलीच्या सभेत नाइके या बूट कंपनीचे मालक फिल नाइट उभे राहिले आणि म्हणाले की या सगळ्यात खलनायक कुणी असेल तर तो चौकशीत आहे, पॅटर्नोंच्या वागण्यात नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बास्केटबॉलचे फार मोठे कोच माइक शशेव्स्की यांनीही त्याच वर्षी सांगितलं, की पॅटर्नोंना काढून विद्यापीठाने मोठी चूक केली. दोघांनाही मनापासून वाईट वाटत होतं, यात मला शंका नाही. आयुष्यभराचा स्नेही असा गेला तर कुणाचं काळीज हलणार नाही?

पण त्या टाळ्या ऐकणारी आठ तरुण मुलं त्याच वर्षी जूनमध्ये कोर्टात साक्षीला उभी राहायची होती. लहानपणी काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं. ज्या गावात त्यांना राहायचं, त्याच गावाने आधीच ठरवलं होतं की दुःख झालंय ते कोचना.

पोरं तरीही उभी राहिली. सँडस्की दहा मुलांच्या प्रकरणांत ४५ गुन्ह्यांत दोषी ठरला. किमान तीस वर्षांची कैद झाली. जुलैमध्ये चौकशीचा अहवाल आला, मग मात्र फिल नाइट यांची भाषा बदलली. नाइके कंपनीच्या आवारात कामगारांच्या लेकरांसाठी एक पाळणाघर होतं, त्याला पॅटर्नोंचं नाव होतं. ते काढलं. पाळणाघराला!

आता कोच लोक एकमेकांची बाजू इतकी का घेतात? मला यात दुष्टपणापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. आज जो मुख्य कोच, तो काल कुणाचा तरी सहायक होता. नोकरी ओळखीवर मिळते. एक कोच गाव बदलतो तेव्हा सोबत आपली माणसं घेऊन जातो. कुणाचा मुलगा कुणाच्या हाताखाली. आणि मनात एक धाकधूकही असते, की आज त्याच्यावर आलं, उद्या माझ्या संघात काही निघालं तर? आपल्या भावकीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात हेच झालं. तिथले कोच आर्ट ब्राइल्स यांना २०१६ मध्ये काढलं. विद्यापीठाच्या विश्वस्तांनीच सांगितलं की १७ स्त्रियांनी १९ खेळाडूंविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या किंवा मारहाणीच्या तक्रारी केल्या होत्या. ब्राइल्सवर स्वतःवर गुन्हा नव्हता. आक्षेप होता तो त्यांच्या कारभारावर, तक्रारी दाबल्या जाण्यावर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या सहायकांनी मिळून त्यांच्या बाजूने पत्रक काढलं. सहायकांमध्ये त्यांचा मुलगाही होता. दुसऱ्या दिवशी सामन्याला लोक त्यांच्या नावाची अक्षरं छापलेले टी-शर्ट घालून आले. २०१९ मध्ये सदर्न मिसिसिपी विद्यापीठाचे कोच जे हॉपसन यांना ब्राइल्सना नोकरीवर घ्यायचं होतं. विद्यापीठाने नकार दिला, तर हॉपसन यांनी जाहीर पत्रक काढून सांगितलं की माणूस नम्र आहे, त्याने स्वतः गुन्हा केलेला नाही, त्याला दुसरी संधी मिळायला हवी.

दुसरी संधी हा शब्द मला आवडतो. आपल्या गटातही कर्ज थकलेल्या बाईला आपण ती देतोच. पण आपण आधी हिशेब मांडतो ना? कुणाचे पैसे अडकले, कुणाला भरपाई द्यायची? त्या १७ जणींपैकी कुणाचं शिक्षण सुटलं, कुणाला गाव सोडावं लागलं, हे त्या पत्रकांतून कळत नाही.

मोठ्या माणसाच्या एका वाक्याने काय होतं, ते ब्रेंडा ट्रेसी या बाईने सांगितलंय. १९९८ मध्ये ओरेगन राज्यात चौघांनी तिच्यावर अत्याचार केला. त्यातले दोघे तिथल्या विद्यापीठाचे फुटबॉल खेळाडू. ही दोन लेकरांची आई. कोच माइक रायली यांनी त्या दोघांना एका सामन्यापुरतं बाहेर बसवलं आणि पोरं चांगली आहेत, त्यांच्या हातून चुकीचा निर्णय झाला, अशा अर्थाचं बोलले. ब्रेंडाने खटला पुढे नेला नाही. पुढे तिने उघड सांगितलं, की मला अत्याचार करणाऱ्यांपेक्षा त्या कोचचा जास्त राग होता. सोळा वर्षं ती स्वतःचं नाव न सांगता राहिली. २०१४ मध्ये बोलली. रायलींनी माफी मागितली, आणि २०१६ मध्ये नेब्रास्कातल्या आपल्या नव्या संघासमोर तिला बोलायला बोलावलं. ती गेली. रायली समोर बसलेले असताना हे सगळं तिने त्या पोरांना सांगितलं. या माणसाने बसून ऐकलं, याचं मला कौतुक वाटतं. बाकीच्यांनी केलं असतं तर!

आणखी एक जण आठवतात. फ्लोरिडा स्टेटचे जुने कोच बॉबी बाउडेन. पॅटर्नोंचे दोस्त, आणि सर्वांत जास्त सामने कोण जिंकतो यात त्यांचे प्रतिस्पर्धीही. २०१२ मध्ये त्यांना पुतळ्याबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले की तो काढावा, कारण तो दिसला की लोकांना सँडस्कीच आठवेल. पॅटर्नोंविषयी एकही वाकडा शब्द न काढता बोलले. २२ जुलैला पुतळा काढला.

तर ताई, तुमचं उत्तर. वाईट वाटतं तर वाटू द्या. त्या माणसाच्या घरी जा, त्याच्या बायकोजवळ बसा, तिने काय केलंय बिचारीने? पण बैठकीत किंवा पारावर "माणूस तसा चांगला होता हो" म्हणायच्या आधी एवढं बघा, की ज्या लेकराने तक्रार केली त्याची आई त्याच बैठकीत कुठे बसलीय.

आता कायद्याचं. पॅटर्नोंनी वरिष्ठाला सांगितलं आणि त्यांना वाटलं आपलं काम झालं. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे, म्हणजे बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा. त्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळतं, त्याने पोलिसांना कळवायचं असतं. मुख्याध्यापकांना, सरपंचांना किंवा संस्थेच्या अध्यक्षांना सांगून जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. मुलाचं नाव कुठेही उघड करायचं नाही, हेही कायद्यातच आहे.

मुलांसाठीचा मदतीचा फोन १०९८. पैसे पडत नाहीत. गटाच्या बैठकीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मोबाईलमध्ये कुणीतरी भरून द्या. पुढच्या भागात पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेताना काय काय विचारतात, ते बोलू. नमस्कार.