निवडणुकीचा खर्च आणि सभागृहातलं काम



तुमचा आमदार कसा आहे, असं कुणाला विचारून बघा. उत्तरं ठरलेली असतात. फोन उचलतो. लग्नाला येतो, दहाव्यालाही येतो. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवून दिले. विधानसभेत तो काय बोलला, कुठल्या विधेयकाला त्यानं दुरुस्ती सुचवली, हे सहसा कुणी सांगत नाही. गटारासाठी नगरपालिका आहे, दिवाबत्तीला ग्रामपंचायत आहे. आमदाराला आपण मुंबईला आणि नागपूरला धाडतो ते कायदे करायला, अंदाजपत्रक तपासायला आणि मंत्र्याला उभं करून जाब विचारायला. हे काम करायला त्याला सवड मिळते की नाही, ते बऱ्याच अंशी तो निवडून येताना पैसा कुठून आणतो यावर ठरतं. आज मला एवढंच मांडायचं आहे. त्यासाठी उदाहरण घेतो सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली शिकले, सांगोल्यात आले आणि शेतकरी कामगार पक्षाचे झाले. 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले, तेव्हा महाराष्ट्र राज्य दोन वर्षांचं होतं आणि विधानसभेत 264 जागा होत्या. 67 साली त्या 270 झाल्या, 78 साली 288. सभागृह वाढत गेलं, पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. गणपतराव एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून 11 वेळा निवडून आले. 1972 आणि 1995 असे दोनदा हरले. 2019 ला स्वतःहून थांबले आणि 30 जुलै 2021 ला सोलापुरात वारले. तालुका त्यांना आबासाहेब म्हणायचा.

त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. एसटीनं फिरणारा आमदार, मंत्रीपद गेल्यावर पुन्हा एसटीत बसणारा आमदार. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या ऐकून आपण नुसते हात जोडतो आणि तिथंच थांबतो. मला त्या साधेपणात हिशोब दिसतो. ज्या पक्षाकडे साखर कारखान्यांची रांग नाही, ज्याच्या कार्यकर्त्याच्या खिशात बेताचाच पैसा, त्याची निवडणूक गावोगावच्या वर्गणीवर चालते. भाकरी गावातली, गाडी कुणाची तरी, भिंत रंगवणारा घरचाच पोरगा. असा माणूस निवडून आला, की त्याच्या दारात वसुलीला कुणी उभं नसतं. कंत्राट कुणाला द्यायचं, बदली कुणाची करायची, कुणाच्या जमिनीचं आरक्षण उठवायचं, या देण्याघेण्यातून तो मोकळा असतो. मग सकाळी प्रश्नोत्तराच्या तासाला हजर राहून संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत बाकावर बसणं त्याला परवडतं. गणपतराव तसे बसत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. गणपतराव पहिल्या आठ वेळा निवडून आले, तेव्हा उमेदवारानं आपली मालमत्ता, कर्जं आणि खटले जाहीर करायचं बंधनच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांनी ते आलं. म्हणजे 11 पैकी शेवटच्या तीनच निवडणुकांत त्यांना प्रतिज्ञापत्र भरावं लागलं. खर्चाला मात्र आधीपासून मर्यादा आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 2014 आणि 2019 ला 28 लाख रुपये होती, 2022 पासून 40 लाख आहे. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंतचा खर्च यात धरतात. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यावा लागतो. जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक ठरवतं. त्यात चहाचा दर असतो, वडापावचा असतो, प्लॅस्टिकच्या खुर्चीचा, मांडवाचा, फेट्याचा, जीपच्या भाड्याचा असतो. उमेदवारानं हजार खुर्च्या लावून शंभर लिहिल्या, तर निरीक्षकाची माणसं व्हिडिओ चालवून खुर्च्या मोजतात.

एवढी बारीक चाळणी असून जे जायचं ते जातंच. स्टार प्रचारकाच्या विमानाचा आणि हेलिकॉप्टरचा खर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही. पक्षानं केलेल्या सर्वसाधारण जाहिरातीही नाहीत. आणि पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही! चाळीस लाखांचं कुंपण उमेदवाराभोवती घातलं आणि पक्षाचं फाटक सताड उघडं ठेवलं, असा हा प्रकार आहे. अर्ज भरायच्या आधी वर्षभर जी हळदीकुंकू होतात, क्रिकेटचे चषक होतात, तीर्थयात्रेच्या बसगाड्या सुटतात, त्यांचा तर हिशोब मागायचाच नाही. आजच्या इच्छुकाचा बराचसा पैसा तिथंच मुरतो, आणि हा पैसा वर्गणीतून येत नाही.

पुन्हा सांगोल्याकडे येतो, कारण कामाची बाजू राहिली. सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. माणदेशाची ज्वारी, खिलार जनावरांचा रविवारचा बाजार, अलीकडे डाळिंब. इथल्या आमदारानं पाण्याशिवाय दुसरं काय बोलायचं? गणपतरावांचा बहुतेक काळ विरोधी बाकावर गेला. विरोधी आमदाराच्या हातात हत्यारं मोजकी असतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. एकदा विचारून मंत्र्यानं दिलेल्या "तपासून पाहू" या उत्तरावर गप्प बसायचं, की पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न घेऊन पुन्हा उभं राहायचं, यातच आमदाराची जात कळते. त्यांनी सभागृहात पाणी लावून धरलं आणि बाहेर स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं आटपाडीच्या पाणी परिषदेत उभे राहिले. 1993 पासून तिथं कृष्णेच्या खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांच्या हक्काच्या पाण्याची मागणी होत आली.

त्यांच्या दोन पराभवांच्या वेळा मात्र विचित्र आहेत. 72 चा दुष्काळ पडला तेव्हा ते सभागृहाबाहेर होते, 74 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, लवादानं वाट्याला दिलेलं कृष्णेचं पाणी सन 2000 च्या आत अडवायची सरकारची धांदल सुरू झाली, तेव्हाही सांगोल्यानं त्यांना घरी बसवलेलं होतं. उलट रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 ला अमलात आला, तेव्हा ते पुलोदच्या, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या, मंत्रिमंडळात होते. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराला याहून जवळचा कायदा नसेल. 1999 ला ते दुसऱ्यांदा मंत्री झाले.

विरोधक त्यांना एक प्रश्न नेहमी विचारत: पन्नास वर्षं आमदार, तरी तालुका तहानलेला कसा? प्रश्न गैरलागू नाही. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूहून उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत सांगोल्याच्या शिवारात यायला फार वर्षं लागली. लहान पक्षाचा आमदार सरकारला अडवू शकतो, लाजवू शकतो, पण निधी खेचून आणायला त्याच्यामागं संख्याबळ नसतं. स्वस्त निवडणुकीची ही किंमत आहे आणि ती सांगोल्यानं मोजली. तरीही, पैशाच्या जोरावर निधी आणणाऱ्या आमदाराच्या तालुक्यात आधी कुणाचं शेत भिजतं, हेही विचारायला हवं. माझं मत विचाराल, तर मी उशिरा पाणी आणणाऱ्या पण कुणाचं देणं न लागणाऱ्या आमदाराच्या बाजूनं आहे.

2019 ला त्यांचे नातू अनिकेत अवघ्या 768 मतांनी पडले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. घराणेशाही म्हणून कुणी नाक मुरडलं तर मी भांडणार नाही. नातवाची पारख आजोबांच्या एसटीवर करू नये, त्याच्या स्वतःच्या कागदांवर करावी.

आणि ते कागद आपल्याला मिळतात. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोग सगळ्यांसाठी खुलं ठेवतो. विधिमंडळाचं कामकाज छापलं जातं, त्यात कुणी काय विचारलं आणि मंत्री काय म्हणाले ते शब्दशः असतं. राहिला खर्चाचा हिशोब. निवडणूक नियमांतला 88 क्रमांकाचा नियम सांगतो, की उमेदवारानं दिलेला हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे कुणालाही पाहता येतो. तुमच्या आमदाराचा हिशोब एकदा जाऊन पाहा. त्याची फी एक रुपया आहे.