मळसूत्राचे गणित

अंबरपेठेतील आपणां सर्वांस १५९१ सालचा चारमिनार परिचित आहे. त्याच्या मिनारातील १४९ पायऱ्यांचा वळता जिना वरून पाहिला तर वर्तुळ, बाजूने पाहिला तर लाट दिसेल. दोन्ही दर्शने खरी, पण अपुरी. चढणाऱ्याचे स्थान कोनागणिक सांगणारे सदिश फल मात्र पूर्ण असते. त्याचे घटक तीन: त्रिज्या गुणिले कोनाची कोज्या, त्रिज्या गुणिले ज्या, आणि कोनाच्या प्रमाणात वाढणारी उंची.

जवळच हबसीगुड्याच्या सीसीएमबी या संस्थेत ज्याचा अभ्यास चालतो, त्या डीएनएच्या धाग्यालाही हेच सूत्र लागू पडते. तेथे त्रिज्या सुमारे १ नॅनोमीटर आणि एका वेढ्याची चढण सुमारे ३.४ नॅनोमीटर, म्हणून पायथागोरसच्या नियमाने एका वेढ्यात धाग्याची लांबी सुमारे ७.१ नॅनोमीटर भरते.

आता उंचीच्या घटकाचे चिन्ह ऋण करा. लांबी तीच, वक्रताही तीच. परंतु उजवे मळसूत्र डावे झाले, आणि कितीही फिरवले तरी ते मूळ मळसूत्राशी जुळणार नाही. एका उणे चिन्हात एवढा अर्थ साठलेला असतो. सूत्र पाठ करण्यापूर्वी विद्यार्थ्याने त्यातील प्रत्येक चिन्हाला अर्थ विचारावा, हीच गणितशिक्षकाच्या स्मृतीस खरी आदरांजली होय.