खाज एकाला, औषध साऱ्या घराला

(मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून पूर्वेला गेलो, की पारोळ, भाताणे, मेढे या बाजूला वारली, कातकरी, मल्हार कोळी बांधवांचे पाडे लागतात. तिथल्या आरोग्य शिबिरांत मी परिचारिका म्हणून मदत करते. ‘अंगाला खाज सुटते, रातचं झोप नाय,’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो.

अंगावर पुरळ दिसले म्हणजे आजार एकच, असे नसते. घामोळ्या उकाड्याने येतात व अंग कोरडे, गार ठेवले की जातात. गजकर्ण बुरशीमुळे होते. त्याचा गोल चट्टा कडेने लाल असतो. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला बारीक फोड असतील आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर बहुधा ती खरूज असते.

खरूज अगदी बारीक किड्यामुळे होते. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. पहिल्यांदा लागण झाली, तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे आज जो खाजवत नाही, त्याच्याही अंगावर किडा असू शकतो. एकट्या मुलाला मलम लावले, तर भावंडांकडून त्याला पुन्हा लागण होते. म्हणून डॉक्टरांनी दिलेले पर्मेथ्रिन मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. तान्ही बाळे व गरोदर मातांसाठी डॉक्टरांना वेगळे विचारावे. किडे मेल्यावरही काही आठवडे खाज राहते, घाबरू नये.

कृपा करून ‘ही माणसे अस्वच्छ राहतात’ असे म्हणू नका. रोज आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. एका गोधडीत चार मुले झोपतात, हे तिथले खरे कारण. दुर्लक्ष झाले, तर खाजवून जखमा पिकतात आणि त्या जंतूंमुळे कधी मूत्रपिंडालाही सूज येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले.

आता एक विनंती. घरात उरलेल्या मलमाच्या ट्यूब शिबिरासाठी पाठवू नका. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असते. गजकर्णावर ते लावले, की चार दिवस लाली कमी होते, पण आत बुरशी पसरत राहते आणि मग ओळखणेही अवघड होते. कातडी पातळ पडते, ते वेगळेच. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याचसाठी.

आणि जो चट्टा खाजत नाही, जिथे स्पर्श कळत नाही, त्याची जास्त काळजी करा. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात त्याचे औषध मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो. कुष्ठरोग्याला गावाबाहेर ठेवण्याच्या काळात प्रभू येशूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला, हे आपण विसरू नये.

मग द्यायचे काय? औषधाच्या दुसऱ्या दिवशी घरातले सारे कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी लागतात. धुता न येणारे पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे लागते. ज्या घरात एकच गोधडी आहे, ते घर त्या रात्री काय पांघरणार? म्हणून प्रत्येक कुटुंबामागे दोन धुतलेल्या चादरी, मुलांच्या कपड्यांचा एक जादा जोड, साबण आणि एक मोठे घमेले द्या. विहिरी आटण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, ते पाड्यावर पोहोचले पाहिजे. मलमाची सोय डॉक्टर करतील. ते मलम वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.